चालती गाडी, दुरुस्त गाडी

चालणारी वस्तू आणि दुरुस्त वस्तू एकच असते का? प्रश्न साधा दिसतो. वस्तू चालते आहे, म्हणजे ती बरी आहे, असेच आपण रोजच्या व्यवहारात धरून चालतो. पंखा फिरतो, पंप पाणी ओढतो, मुलगा पास होतो, संस्थेची वार्षिक सभा पार पडते. मग आणखी काय पाहायचे? परंतु ज्याने आपली मोटारसायकल दोन-तीन महिने एका जागी उभी ठेवून नंतर पुन्हा चालू करून पाहिली असेल, त्याला या प्रश्नातला पेच लगेच कळेल. अशी गाडी पाच-दहा किका मारल्यावर चालू होते. रस्त्यावर पळतेही. फक्त तिला थांबता येत नाही. रेस सोडली की ती गुदमरते, दोनदा धडधडते आणि बंद पडते. मग ही गाडी चालती म्हणायची की बिघडलेली? आणि ती पुन्हा ‘चालती’ करून देणाऱ्याने ती दुरुस्त केली, असे केव्हा म्हणता येईल?

कामथडी हे भोर तालुक्यातले गाव पुणे-सातारा महामार्गावर आहे. पुण्याकडून येताना नसरापूरचा चेलाडी फाटा ओलांडला की कामथडी लागते, आणि पुढे कापूरहोळला भोरचा रस्ता फुटतो. या पट्ट्यात मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिरवळच्या कारखान्यातली पाळी, डेअरीला घालायचे दूध, भोरच्या कचेरीतले काम, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, सारे तिच्यावर चालते. तरीही गाड्या कधी ना कधी उभ्या राहतात. वेल्ह्याकडच्या खोऱ्यांत पाऊस लागला आणि भातलावणीची घाई सुरू झाली की चिखलातून गाडी काढण्यापेक्षा ती पडवीत ताडपत्रीखाली बरी, असा हिशेब होतो. भोरहून वरंधा घाट उतरून कोकणात गेले, तर आखातात नोकरीला गेलेल्या मुलांच्या गाड्या अंगणात त्यांच्या पुढच्या सुट्टीची वाट पाहत असतात. आणि २०२० साली तर सगळ्यांच्याच गाड्या उभ्या राहिल्या. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि ज्या महामार्गावर रात्रंदिवस ट्रकांची रीघ असते, तो ओस पडला. पुढे निर्बंध सैल झाले आणि लोक गाड्या घेऊन गॅरेजात आले, तेव्हा बहुतेकांच्या तोंडी एकच तक्रार होती : ‘मिस्त्री, स्लोला बंद पडते.’

गाडी वापरली नाही, तर तिचे काही बिघडण्याचे कारण काय, असे कोणालाही वाटेल. झीज वापराने होते. न वापरलेली वस्तू जशीच्या तशी राहावी. पण पेट्रोल हा एकजिनसी पदार्थ नाही. त्यातले हलके अंश आधी उडून जातात, आणि जे मागे राहते त्याचा हवेशी संयोग होऊन चिकट, पिवळट राळेसारखा थर तयार होतो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात आणि त्याचे प्रमाण वाढत वाढत २० टक्क्यांपर्यंत आले आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. पावसाळ्यात उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत ही ओल साठते, धातूला गंज चढतो. कार्बोरेटरच्या तळाशी जी वाटी असते, त्या फ्लोट चेंबरमध्ये उरलेले चार थेंब सुकून जातात आणि मागे राहिलेला थर सर्वांत आधी सर्वांत बारीक वाट बुजवतो.

ती बारीक वाट म्हणजे पायलट जेट. पितळेचा लहानसा तुकडा, आणि त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. गाडी रेस न देता नुसती उभी असते, तेव्हा इंजिनाला लागणारे थोडेसे पेट्रोल या छिद्रातून येते. रेस दिली की मोठ्या जेटची वाट उघडते आणि पायलट जेटचे महत्त्व उरत नाही. म्हणूनच हा बिघाड पळताना कळत नाही. चढावर कळत नाही, महामार्गावर कळत नाही. कात्रज किंवा खंबाटकीचा उतार लागला, रेस सोडली, किंवा फाट्यावर क्षणभर थांबलो, की तेव्हा कळतो.

माणसाचेही असेच असते, हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. कामाच्या, रागाच्या, उत्साहाच्या भरात माणूस धावत असतो तोवर त्याच्यात काय बुजले आहे, ते त्यालाही समजत नाही. आमच्या सूफी बुजुर्गांनी खलवत, म्हणजे एकांत, एवढी महत्त्वाची मानली ती यासाठीच. कोणी पाहत नाही, कोणी ढकलत नाही, अशा वेळी आत जे मंदपणे चालू राहते, तेच माणसाचे खरे भांडवल. संस्थांनाही हीच कसोटी लावून पाहावी. उरूस, जलसा, सत्कार, निवडणूक अशी रेस मिळाली की आपल्या संस्था गर्जतात. एरवीच्या मंगळवारी दुपारी त्यांच्या वाचनालयाचे दार उघडे असते का, एवढेच बघावे.

आता दुरुस्तीकडे वळू. स्लोला बंद पडणारी गाडी दोन प्रकारे चालती करता येते. पहिला प्रकार अर्ध्या मिनिटाचा. कार्बोरेटरच्या बाजूला एक स्क्रू असतो. तो थोडा आत पिळला की रेस सोडल्यावरही थ्रॉटल पूर्ण मिटत नाही, ते किंचित उचललेले राहते. त्यामुळे इंजिन बुजलेल्या वाटेवर अवलंबून न राहता पुढच्या वाटांनी पेट्रोल ओढू लागते. गाडी बंद पडत नाही. ग्राहक खूश होतो. पण पायलट जेट बुजलेला तो बुजलेलाच. गाडी उभ्या जागी उगाच घुमत राहते, गिअर टाकताना झटका मारते, पेट्रोल जास्त पिते, उतारावर इंजिनाचा जो रोध मिळायला हवा तो कमी मिळतो.

दुसरा प्रकार वेळखाऊ आहे. जुने पेट्रोल काढून टाकायचे. प्लग पाहायचा, एअर फिल्टर झटकायचा. इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला भेग पडून बाहेरची हवा आत शिरत नाही ना, याची खात्री करायची. मग कार्बोरेटर उतरवायचा, खोलायचा, जेट काढून औषधात भिजवायचा, हवेच्या झोताने साफ करायचा आणि उजेडासमोर धरून छिद्रातून प्रकाश दिसतो का, ते पाहायचे. सगळे जोडून झाल्यावर, इंजिन चांगले तापल्यानंतरच, हवा-पेट्रोलचे मिश्रण आणि शेवटी तो रेसचा स्क्रू लावायचा. म्हणजे पहिल्या प्रकारात जे काम सर्वांत आधी केले जाते, ते इथे सर्वांत शेवटी येते. स्क्रू तोच, हातही तेच. फक्त क्रम वेगळा. आमच्या मते साऱ्या नैतिकतेचा पेच या क्रमातच आहे.

आणखी एक तिसरा प्रकारही आहे, आणि तो घाईत पुष्कळांच्या हातून घडतो. जेटच्या छिद्रात पोलादी तार घालून ते मोकळे करायचे. छिद्र मोकळे होते खरे, पण पितळ नरम असते. तारेने ते केसभर रुंद झाले तरी जेटचे माप गेले. मग ती गाडी कायमची जास्त पेट्रोल ओढणार, प्लग काळा होणार, आणि कोणत्याही स्क्रूने ते माप परत येणार नाही. शिक्षकाच्या पेशात आम्हांला ही तार चांगली ओळखीची आहे. न वाचणाऱ्या मुलाला छडीने वाचते करणारे लोक सगळ्या काळात होऊन गेले. मूल त्या दिवशी वाचते. पण त्याच्या आत काहीतरी रुंदावलेले असते, ते पुन्हा मूळ मापावर येत नाही.

मग स्क्रू पिळणारा मिस्त्री लबाड म्हणायचा का? इतक्या झटपट निकाल देता येणार नाही. समजा, संध्याकाळी सात वाजता एक तरुण गाडी घेऊन येतो. पहाटेची पाळी आहे. पाळी चुकली तर खाडा पडेल. कार्बोरेटर खोलायचा तर दीड-दोन तास हवेत, जेट बदलावा लागला तर तो आणायला पुण्याला किंवा भोरला जावे लागेल. तेव्हा मिस्त्रीने स्क्रू पिळून गाडी चालती करून दिली, तर ती त्याची माणुसकी म्हणायला हवी. तत्त्वासाठी त्या तरुणाचा रोज बुडवणे हे काही मोठे पुण्य नव्हे. प्रश्न स्क्रू पिळण्याचा नाहीच. स्क्रू पिळल्यावर मिस्त्री काय बोलतो, याचा आहे. ‘झाली बघा दुरुस्त’ असे म्हणतो, की ‘आज रेस वाढवून दिली आहे, रविवारी आणा, खोलून साफ करावी लागेल’ असे म्हणतो?

इस्लामी परंपरेत या बाबतीत एक हदीस प्रसिद्ध आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते. आत बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की पावसाने भिजले आहे. त्यावर त्यांनी त्याला विचारले की मग भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस? ज्याने फसवले तो आपल्यातला नव्हे, अशा आशयाचे कडक शब्द त्या प्रसंगी त्यांनी उच्चारले. हा प्रसंग मशिदीतल्या प्रवचनांत पुष्कळदा ऐकायला मिळतो, पण त्यातल्या एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. भिजलेले धान्य विकू नकोस, असे तिथे म्हटलेले नाही. पाऊस कोणाच्या हातात नसतो, धान्य भिजणारच. ते वर ठेव, एवढीच मागणी आहे. ज्याला घ्यायचे तो बघून, भाव ठरवून घेईल.

फिकहच्या ग्रंथांनी याच तत्त्वावरून ग्राहकाचा एक हक्क मान्य केला, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. वस्तूतला दोष लपवला गेला असेल, तर व्यवहार मोडण्याची मुभा घेणाऱ्याला आहे. कूफ्याचे इमाम अबू हनीफा हे स्वतः कापडाचे व्यापारी होते. त्यांच्याबद्दल अशी आठवण सांगितली जाते की, त्यांच्या भागीदाराने दोष असलेले कापड दोष न सांगता विकले आणि गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या विक्रीची सगळी रक्कम खैरातीत देऊन टाकली. आजचा ग्राहक संरक्षण कायदाही सेवेतील त्रुटीची दाद मागू देतो. परंतु दोनशे रुपयांच्या कामासाठी कोण जिल्ह्याच्या आयोगाकडे जाणार? अशा लहान व्यवहारांत कायद्याचा हात पोचत नाही. तिथे मिस्त्रीची जबान हाच कायदा. गाडी खोललेली असताना मालक चहा प्यायला गेलेला असतो. आत काय झाले आणि काय झाले नाही, ते पाहणारा दुसरा कोणी नसतो. म्हणून त्या वेळी ती गाडी ही अमानत असते.

अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्सिग यांनी १९७४ साली मोटारसायकलच्या देखभालीवरून एक सबंध तत्त्वज्ञानाचे पुस्तक लिहिले. त्यांच्याही मनाला हेच लागले होते. त्यांच्या गाडीचे इंजिन बेफिकीर कारागिरांच्या हाती बिघडले, आणि ते लोक आपल्याच कामाकडे प्रेक्षकासारखे पाहत होते, ही त्यांची खरी तक्रार होती. आमच्याकडे या बेफिकिरीला एक छान नाव आहे : ‘चलता है’. दोन शब्दांत आपण चालण्यालाच दुरुस्तीचा दर्जा देऊन टाकला.

२०२० साली गाड्यांबरोबर आणखी काही उभे राहिले होते. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग सर्वत्र पुन्हा भरायला डिसेंबर २०२१ उजाडला. म्हणजे ज्या वयात अक्षर आणि अंक हाताला लागतात, ते दीड वर्षाहून अधिक वय घरात उभे राहिले. दहावीची २०२१ ची परीक्षा रद्द करून अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला गेला, तो ९९.९५ टक्के लागला. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता. मुलांचे वर्ष वाया घालवणे म्हणजे त्या तरुणाची पाळी बुडवण्यासारखेच झाले असते. रेस वाढवून देणे भागच होते. पण पुढे काय सांगितले गेले, हा प्रश्न इथेही लागू पडतो. ‘असर’च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ साली २७.३ टक्के होती. २०२२ साली ती २०.५ टक्क्यांवर आली. २०२४ च्या पाहणीत ते प्रमाण पुन्हा २७ टक्क्यांच्या आसपास पोचले. म्हणजे जिथे जिथे शिक्षकांनी जेट खोलून बसण्याची मेहनत घेतली, तिथे वाट मोकळी झाली. पण टाळेबंदीच्या आधीचे २७ टक्के म्हणजे तरी काय? गाडी उभी राहण्याआधीही ती स्लोला नीट चालत नव्हतीच. वरच्या वर्गांच्या निकालाचा आवाज एवढा मोठा होता की ते कोणाला ऐकू आले नाही.

उर्दू माध्यमाच्या मुलाचे तर विशेषच आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे. तीन लिप्या एका चिमुकल्या डोक्यात एकदम जागा मागतात. बारीक छिद्रे जास्त, म्हणून बुजण्याचा धोकाही जास्त. त्यातही मराठी हा त्याच्यासाठी शाळेतला एक विषय असतो, घरात दखनी. मराठी वापरात राहिली नाही, तर दहावीला चांगले गुण मिळवलेला मुलगा तालुक्याच्या कचेरीत अर्ज लिहिताना अडखळतो. गुणपत्रिका खोटी नसते. ती फक्त रेस दिलेल्या गाडीचा आवाज सांगते.

उर्दूत शिक्षकाला उस्ताद म्हणतात, आणि गॅरेजातल्या मोठ्या मिस्त्रीलाही उस्तादच म्हणतात. हा योगायोग आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. आमच्या वर्गातून गळालेला मुलगा बऱ्याचदा दुसऱ्या उस्तादाकडे जातो. सच्चर समितीने २००६ साली नोंदवले की सहा ते चौदा वयोगटातील सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले एकतर कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा त्यांनी शाळा सोडली. वाहनदुरुस्तीसारख्या धंद्यांत मुस्लिम कामगारांचे प्रमाण मोठे असल्याचेही त्याच अहवालात आहे. ही दोन्ही निरीक्षणे एकमेकांना धरून आहेत. २०१६ च्या दुरुस्तीनंतर, मोजके अपवाद सोडता, चौदा वर्षांखालील मुलाला कामाला ठेवणे गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. त्या वयात मुलाचे हात शाळेत असले पाहिजेत. पण शाळेत त्या हातांना काम दिले जाते का? १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हस्तव्यवसाय केंद्रस्थानी ठेवून नयी तालीमची योजना मांडली होती. हाताने काम करताना खोटेपणा टिकत नाही, हे त्या विचारातले मोठे सत्य होते. निबंधात माणूस थापा मारू शकतो. बुजलेला जेट थापांनी उघडत नाही. ज्या शागीर्दाला त्याच्या उस्तादाने जेट उजेडासमोर धरून पाहायला शिकवले, त्याला नीतिशास्त्राचा एक धडा मिळाला. आणि ज्याला ‘स्क्रू पिळ आणि पैसे घे’ एवढेच शिकवले, त्यालाही एक धडाच मिळाला.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून जुना कार्बोरेटर गेला. इंधन आता संगणकाच्या हुकमाने इंजेक्टरमधून येते. या गाड्यांत काही बिघडले तर समोर एक पिवळा दिवा लागतो. यंत्राला आपला ऐब सांगण्याची सोय करून दिली गेली, ही उत्तम गोष्ट झाली. मात्र दोष न काढता तो दिवाच विझवून देणारेही असणारच. कार्बोरेटरवरचा स्क्रू गेला म्हणून तो पिळणारी वृत्ती गेली, असे मानण्याचे कारण नाही.

इथवर मिस्त्रीबद्दल आणि शिक्षकाबद्दल बोललो. पण गॅरेजाच्या बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाला मोकळे सोडता येणार नाही. ‘जास्त खोलत बसू नको, चालू करून दे फक्त’ हे वाक्य त्याचेच आहे. नवा सुटा भाग बसवला तर तो दिसतो, म्हणून त्याचे पैसे देताना कुरकूर होत नाही. साफ केलेला जेट दिसत नाही. त्यामागचा दीड तास दिसत नाही. तेव्हा ‘नुसते साफ तर केले, एवढे कसले पैसे?’ असा वाद घातला जातो. मग पुढच्या वेळी मिस्त्री स्क्रूच पिळतो. पालकही शाळेत हेच मागतात : टक्के दाखवा. आणि शाळा टक्के दाखवते. ढिगाच्या वर कोरडे धान्य ठेवणाऱ्याला दोष द्यायलाच हवा. पण ओले धान्य वर ठेवणाऱ्याच्या दुकानात आपण किती वेळा थांबलो, तेही विचारायला हवे.

या पावसाळ्यात ज्यांना गाडी उभी ठेवावी लागेल, त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद करावा, फ्लोट चेंबरच्या तळाचा स्क्रू सैल करून आतले पेट्रोल काढून टाकावे, किंवा निदान आठवड्यातून एकदा गाडी गरम होईपर्यंत चालवावी. तेवढे करूनही ती स्लोला बंद पडू लागली, तर मिस्त्रीला तास-दीड तासाची सवड द्यावी आणि त्या वेळाचे पैसे न कुरकुरता द्यावेत. जेट साफ झाला की त्याला तो उजेडासमोर धरायला सांगावे, आणि आपणही एकदा त्यातून पाहावे.